टॉर, व्हीपीएन, इन्कॉग्निटो: या चुका टाळा

माझ्या भाच्यानं ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्राउझरची इन्कॉग्निटो (खासगी) विंडो उघडून दुसरी नोकरी शोधली. आठवडाभरात साहेबांनी चहाला नेऊन विचारलं, "काय रे, इथं मन रमत नाही का?" घरी येऊन तो मलाच म्हणतो, "मामा, पण विंडो तर काळी होती ना?"

काळी होती, खरंय. इन्कॉग्निटो एवढंच करतं की विंडो बंद झाली की हिस्टरी आणि कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणा) पुसून टाकतं. घरातलं दुसरं कुणी तोच कॉम्प्युटर वापरत असेल तर त्यांच्यापुरता आडोसा. ऑफिसचं नेटवर्क, इंटरनेट देणारी कंपनी आणि समोरची वेबसाइट यांच्या दृष्टीनं काहीच बदलत नाही. याच गैरसमजावरून २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर दावा दाखल झाला. २०२४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा गूगलनं ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

भाच्याच्या बाबतीत गोष्ट त्याहून वाईट होती. ऑफिसच्या आयटीवाल्यांनी त्या लॅपटॉपमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला, बसवलं होतं. असं असलं की एचटीटीपीएस (साइटशी होणारं बोलणं कुलूपबंद करणारी पद्धत) असूनही मधला प्रॉक्सी, म्हणजे ऑफिसचा मध्यस्थ कॉम्प्युटर, पानं उघडून वाचू शकतो. हे तपासणं सोपं आहे. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा आणि सर्टिफिकेट कुणी दिलंय ते बघा. तिथं तुमच्याच कंपनीचं नाव दिसलं, तर त्या मशीनवर टॉर (माग लपवणारा ब्राउझर) टाका नाहीतर आणखी काही, उपयोग नाही. मशीनच त्यांचं आहे.

म्हणून कुणी मला "सगळ्यात सेफ ब्राउझर कुठला?" असं विचारलं की मी उलट विचारतो, लपायचंय कुणापासून? घरच्यांपासून, वाय-फाय देणाऱ्यापासून, जाहिरातवाल्यांपासून, की ज्या साइटवर जाताय तिच्यापासून? प्रत्येकाचा इलाज वेगळा. बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यानं होतात.

फुकट ते पौष्टिक

प्ले स्टोअरवर 'फ्री व्हीपीएन' शोधून पहिलं दिसेल ते टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. व्हीपीएन म्हणजे काय, तर तुमच्या इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसणार. विश्वास फक्त एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला. 'होला' नावाचं फुकट व्हीपीएन आपल्या वापरकर्त्यांचंच कनेक्शन दुसऱ्यांना विकतं, हे २०१५ मध्ये उघड झालं. म्हणजे परक्या माणसाचे उद्योग तुमच्या आयपीवरून, तुमच्या कनेक्शनच्या पत्त्यावरून. 'ओनावो प्रोटेक्ट' तर फेसबुकच्याच मालकीचं होतं. लोक फोनवर इतर कुठली ॲप्स वापरतात याची माहिती त्यातून फेसबुकला मिळायची. २०१८ मध्ये ॲपलच्या आक्षेपानंतर ते ॲप स्टोअरवरून उतरलं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

भारतात आणखी एक गुंता आहे. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी वगैरे पाच वर्षं जपून ठेवावं. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. त्यामुळे यादीत 'इंडिया' दिसलं तरी तो सर्व्हर सिंगापुरात किंवा ब्रिटनमध्ये असू शकतो, आयपी फक्त भारतीय. आणि तो खरोखरच भारतात असेल, तर नोंदी ठेवल्या जात असणार हे गृहीत धरा.

ब्राउझर निवडताना

एकेकाळी आपल्याकडे निम्म्या फोनवर यूसी ब्राउझर असायचा, कारण स्वस्त फोनवर तो सुळसुळीत चालायचा. टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं २०१५ मध्येच दाखवलं होतं की त्यातून माहितीची गळती होते. इंग्रजी आवृत्तीत शोधलेले शब्दसुद्धा एनक्रिप्शनशिवाय, म्हणजे उघडेच, जात. आपण तो सोडला २०२० च्या जूनमध्ये, सरकारनं ५९ ॲप्सवर बंदी घातली तेव्हा. वेग बघून ब्राउझर निवडायची सवय मात्र गेली नाही.

रोजच्या वापराला मी फायरफॉक्स सांगतो, ट्रॅकिंग प्रोटेक्शन 'स्ट्रिक्ट'वर आणि सोबत यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं अवजार. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथं मूळ यूब्लॉक चालत नाही, 'लाइट' आवृत्तीवर भागवावं लागतं. स्ट्रिक्टमुळे एखादी साइट अडली, लॉगिनचं बटण दाबलं जाईना, तर ॲड्रेस बारमधली ढाल दाबून फक्त त्या साइटपुरतं संरक्षण बंद करा. लोक वैतागून सगळंच बंद करतात.

दुसरं टोक म्हणजे दहा-बारा प्रायव्हसी एक्स्टेन्शनची जत्रा भरवणं. त्यानंही तुमचा ब्राउझर उठून दिसतो. इथं बोटांच्या ठशांसारखा प्रकार आहे. कुकी नसतानाही स्क्रीनचा आकार, भाषा, टाइमझोन, फॉन्ट यांच्या मिश्रणावरून ब्राउझर ओळखता येतो. अमेरिकेतल्या ईएफएफ या संस्थेनं २०१० मध्ये जवळपास ४.७ लाख ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. आपल्याकडं डीटीपी करणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर श्री-लिपीचे ढीगभर फॉन्ट असतात. त्यात ब्राउझरची भाषा मराठी आणि व्हीपीएनचा आयपी जर्मनीचा. गर्दीत मिसळायला निघालात आणि डोक्याला फेटा बांधून गेलात! स्वतःचा ब्राउझर किती वेगळा दिसतो ते ईएफएफच्या 'कव्हर युअर ट्रॅक्स'वर तपासता येतं.

टॉर: अवजार चांगलं, हात घाईचा

टॉर ब्राउझरमध्ये विनंती तीन टप्प्यांतून, म्हणजे तीन वेगवेगळ्या सर्व्हरमधून, जाते. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं पण कुठं चाललात ते नाही. शेवटच्याला नेमकं उलटं. पण शेवटचा टप्पा कुणीही चालवू शकतो. २००७ मध्ये स्वीडनच्या डॅन एगरस्टाड यांनी असे पाच टप्पे चालवून साध्या, एनक्रिप्शन नसलेल्या ईमेलचे पासवर्ड गोळा केले. त्यात भारतीय वकिलातींचेही होते. टॉर म्हणजेच एनक्रिप्शन, असं समजून मंडळी निर्धास्त होती. म्हणून एचटीटीपीएस नसलेल्या पानावर पासवर्ड टाकूच नका.

दुसरी चूक म्हणजे टॉरमध्ये आपल्याच जीमेलला लॉगिन करणं. तोंडावर रुमाल बांधून दारात स्वतःचं नाव सांगण्यासारखं. नवी ओळख हवी असेल तर वेगळं खातं, आणि ते टॉरबाहेर कधीच उघडायचं नाही.

तिसरी चूक सहसा सुचत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्यानं परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची धमकी पाठवली. टॉर कुणी फोडलं नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या वाय-फायवर टॉर कोण वापरत होतं एवढंच तपासलं, आणि पोरगा सापडला. तुम्ही टॉरमध्ये काय करताय ते दिसत नाही, पण टॉर वापरताय हे नेटवर्कवाल्याला दिसतं.

ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरमधली टॉरची विंडो ही टॉर ब्राउझरची जागा घेत नाही. जिवावर बेतणारं काम असेल तर टॉर ब्राउझरच वापरा, असं ब्रेव्ह स्वतःच सांगतं. डाउनलोड फक्त टॉर प्रोजेक्टच्या साइटवरून. २०२२ मध्ये एका चिनी यूट्यूब चॅनेलवरच्या लिंकमधून हेरगिरी करणारं बनावट टॉर पसरवलेलं कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला सापडलं होतं. आयफोनसाठी टॉर प्रोजेक्ट 'अनियन ब्राउझर' सुचवतं.

टॉर जोडलंच जात नसेल तर आधी कॉम्प्युटरचं घड्याळ आणि तारीख बघा. हसू नका, बॅटरी गेलेल्या जुन्या डेस्कटॉपवर कारण तेच असतं. घड्याळ बरोबर असूनही अडलं तर सेटिंगमध्ये जाऊन ब्रिज (टॉरमध्ये शिरायची छुपी वाट) निवडा, स्नोफ्लेक किंवा ओबीएफएस४. टॉर वापरणं झाकायचं असलं तरी हाच मार्ग. साइट सारखी कॅप्चा मागत असेल तर 'न्यू टॉर सर्किट फॉर धिस साइट' दाबा. खिडकीभोवती दिसणारा राखाडी पट्टा बिघाड नाही. सगळ्यांच्या स्क्रीन सारख्या मापाच्या वाटाव्यात म्हणून तो मुद्दाम ठेवलाय. उतरवलेली वर्ड फाइल नेट चालू असताना उघडू नका, ती टॉरला वळसा घालून थेट इंटरनेटवर जाऊ शकते.

भाच्याला यातलं काहीच लागलं नाही. तो आता स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या डेटावर, साध्या फायरफॉक्समध्ये नोकरी शोधतो. परवा मुलाखतीचं बोलावणं आलं, ते मात्र ऑफिसच्या ईमेलवर. अर्जात पत्ता तोच टाकला होता.