रंकाळ्याच्या हिरव्या पाण्यात विषाचं जनुक शोधताना

नीलहरित जिवाणूंवर काम करायचं ठरवलेल्या मुलांना मी आधी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पाठवते. वाऱ्याने एका काठाला लोटलेला पोपटी थर बहुधा मायक्रोसिस्टिस या नीलहरित जिवाणूचा असतो. त्याच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून तो वर तरंगतो. त्यामुळे एकाच घाटावर बाटली भरून भागत नाही, तलावाच्या मधलं आणि खोलवरचं पाणीही घ्यावं लागतं. नमुना बर्फात ठेवून लगेच गाळायचा.

सूक्ष्मदर्शकाखाली विषारी आणि बिनविषारी मायक्रोसिस्टिस सारखेच दिसतात. फरक जनुकांत असतो. यकृताला इजा करणारं मायक्रोसिस्टिन बनवणारा ‘एमसीवाय’ हा दहा जनुकांचा गट, सुमारे ५५ हजार बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या घटकांचा. मायक्रोसिस्टिसमधला हा गट २००० साली उलगडला. त्यातलं ‘एमसीवाय-ई’ मला सर्वांत सोयीचं वाटतं. त्याचा एक भाग प्लँक्टोथ्रिक्स, अ‍ॅनाबीना या दुसऱ्या नीलहरित जिवाणूंतही बराच सारखा असतो, त्यामुळे पीसीआरसाठी (जनुकाचा ठरावीक तुकडा लाखो पटींनी वाढवण्याची पद्धत) ‘एचईपी’ प्रायमरची, म्हणजे तो तुकडा हेरणाऱ्या डीएनएच्या छोट्या धाग्यांची, एकच जोडी पुरते. वाढवलेले तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ४७२ बेसजोड्यांचा पट्टा दिसायला हवा.

खरी झुंज डीएनए काढताना होते. वसाहतींभोवतीचा चिकट बुळबुळीत पदार्थ डीएनएसोबत येतो आणि पीसीआर अडवतो. हा पदार्थ वेगळा काढणारी सीटॅब पद्धत वापरा, डीएनए दहापट पातळ करूनही चालवून बघा. शिवाय प्रत्येक नमुन्यावर सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या १६ एस जनुकाचा पीसीआर लावाच. तोही आला नाही, तर ‘विषाचं जनुक नाही’ असं लिहायचा अधिकार तुम्हाला नाही. विषारी म्हणून माहीत असलेल्या पीसीसी ७८०६ या मायक्रोसिस्टिसच्या वाणाचा डीएनए आणि नुसत्या पाण्याची नळी दर वेळी शेजारी हवीच.

पट्टा आला म्हणजे विष आहे, असंही नाही. जनुक असूनही उत्परिवर्तनामुळे विष न बनवणारे वाण सापडतात. म्हणून प्रत्यक्ष विष मोजणाऱ्या एलायझा किंवा एलसी-एमएस या चाचण्यांची सोय कुठे होईल, हे विषय नक्की करण्याआधीच गाइडना विचारा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, ती जेलवर मोजता येत नाही. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात हेच विष गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. कोल्हापूरच्याच कळंबा तलावाचं पाणी शहराच्या काही भागाला पिण्यासाठी जातं, म्हणून मला हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं.

काठावर लोक ‘पाणी उकळलं की झालं ना?’ असं विचारतील. मायक्रोसिस्टिन उकळून नष्ट होत नाही, हे त्यांना तिथेच सांगा.