हेमकुंडला जाताय? फुप्फुसांना एक दिवस जास्त द्या

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, आणि उत्तराखंडातलं हेमकुंड सरोवर ४,३०० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या साठ टक्क्यांवर येतो. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा पचवणाऱ्या नागपूरकरालाही तिथे दहा पावलांत दम लागतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. फुटाळा तलावाच्या काठावरचं फिरणं चांगलंच, पण ते सपाटीवरचं. आठवड्यातून एकदा रामटेक गाठा आणि अंबाळा तलावाकडून गडाच्या पायऱ्या पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन चढा. उतरतानाही घाई नको. गुडघे उतारावरच बोलतात. बूट नवे असतील तर याच पायऱ्यांवर वापरून मऊ करून घ्या.

रस्ता मेअखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरात बंद होतो. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं बहरात असतात, पण दरडी कोसळून गाड्या अडकतात. मी सप्टेंबरच धरीन. निघण्यापूर्वी उत्तराखंड सरकारची यात्रा-नोंदणी ऑनलाइन करा.

दिल्लीमार्गे हरिद्वार-ऋषिकेश आणि तिथून गाडीने जोशीमठ. इथे एक मुक्काम कराच. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, पुढे पुलनापर्यंत जीप आणि मग दहा-एक किलोमीटर चालत घांघरिया. हे गाव ३,०५० मीटरवर आहे. हेलिकॉप्टरही मिळतं, पाय वाचतात, पण शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

बहुतेक जण इथेच चुकतात. रात्री घांघरियाला पोहोचतात आणि पहाटे थेट हेमकुंड चढायला निघतात. चढ सहा किलोमीटरचा, पण उंची बाराशे मीटरहून जास्त वाढते. आपलं अख्खं चिखलदरा समुद्रसपाटीपासून जेवढं उंच, त्याहून थोडी जास्तच! म्हणून मधला एक दिवस जवळच्या फुलांच्या घाटीत (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) सावकाश फिरा आणि रात्री घांघरियालाच झोपा.

चढायच्या दिवशी पहाटे पाचला निघा. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला, घोटघोट पाणी पीत राहा. सॅकमध्ये स्वेटर, रेनकोट, कानटोपी आणि संत्रा बर्फीचा एक डबा असू द्या. वर गुरुद्वाऱ्याच्या लंगरात गरम चहा-खिचडी मिळते. आत जाताना डोकं झाकायचं. तळ्यावर मुक्कामाला परवानगी नाही, तेव्हा दुपारी दोनच्या आत परतीला लागा.

डोकं ठणकलं, मळमळलं तर आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर विश्रांती घेत थांबू नका. कुणाला तरी सोबत घेऊन लगेच खाली उतरा. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची की नाही, हे नागपुरातच डॉक्टरांना विचारून ठरवा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आधीच सांगा.