बाळाच्या टोपड्याचा इंग्रजी पॅटर्न वाचताना

क्रोशाची सुई सराईतपणे चालते, नुसती जाळी बघून नक्षी उचलता येते, तरीही छापील इंग्रजी पॅटर्न समोर आला की पुष्कळ जणी अडतात. त्यातली अक्षरं आणि आकडे कसे वाचायचे हे कळलं, की बाळाच्या टोपड्यासारखा सोपा पॅटर्न दुसरा नाही. गोल सुरू होतो, काही फेरे वाढवायचा, मग सरळ खाली विणत जायचा.

सर्वात आधी पॅटर्न अमेरिकन आहे की ब्रिटिश, ते बघा. दोन्हीकडे शब्द तेच असले तरी टाके वेगळे. अमेरिकन ‘डीसी’ म्हणजे आपला खांब: सुईवर एक वेढा घेऊन सुई टाक्यात घालायची, लोकर ओढून आणायची आणि सुईवरचे तीन फास दोन-दोन करून सोडवायचे. ब्रिटिश ‘डीसी’ म्हणजे मुका खांब, त्यात आधी वेढा नाहीच. ब्रिटिश पॅटर्न अमेरिकन समजून विणला तर टोपी जवळजवळ दुप्पट उंच होते. ओळखायची खूण सोपी आहे. पॅटर्नमध्ये कुठेही ‘एससी’ (मुक्या खांबाचं अमेरिकन नाव) दिसलं तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत एससी हा टाकाच नाही. टाका सोडायला अमेरिकन लोक ‘स्किप’ लिहितात, ब्रिटिश ‘मिस’. खाली सगळीकडे अमेरिकन शब्द धरले आहेत.

सीएच म्हणजे साखळी. एसएल एसटी म्हणजे स्लिप स्टिच, फेरा जोडायला लागणारा. एससी मुका खांब. एचडीसी अर्धा खांब, यात एक वेढा घ्यायचा आणि तिन्ही फास एकदम सोडवायचे. आयएनसी म्हणजे वाढ, एकाच टाक्यात दोन टाके. आरएनडी म्हणजे फेरा. बीएलओ लिहिलं असेल तर टाक्याच्या डोक्यावरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागचा उचलायचा.

सुईचा आकार मिलिमीटरमध्येच बघा, नंबरावर जाऊ नका. अमेरिकन ‘एच-८’ सुई ५ मिलिमीटरची असते आणि जुन्या ब्रिटिश पद्धतीतली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची.

आता ‘गेज’, म्हणजे ठरावीक लांबीत किती टाके आणि ओळी बसतात ते, ब्रिटिश पॅटर्नमध्ये ‘टेन्शन’. ही ओळ बहुतेक जणी वगळतात आणि टोपी लहान-मोठी होते ती इथेच. समजा लिहिलं आहे: १० सेंटिमीटरमध्ये १६ डीसी आणि ९ ओळी, टोपीच्या कडेला ६० टाके. ६० भागिले १६, गुणिले १०, म्हणजे घेर ३७.५ सेंटिमीटर. तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसत असतील, तर तेच ६० टाके ३३ सेंटिमीटरच भरतात. हात सैल असून १४ बसले तर जवळजवळ ४३. आधी १५ सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणा आणि मधले १० सेंटिमीटर मोजा, कडेचे टाके ओढलेले असतात. टाके जास्त भरले तर अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक.

बाळाचं डोकं भुवयांच्या आणि कानांच्या जरा वरून मोजायचं. जन्मतः घेर साधारण ३४ ते ३६ सेंटिमीटर असतो, तीन महिन्यांनी ४० च्या आसपास, वर्षाचं होईतो ४६. टोपी डोक्यापेक्षा २-३ सेंटिमीटर कमी हवी, तरच ती घसरून डोळ्यांवर येत नाही. पॅटर्नमध्ये ‘६० (६६, ७२)’ असं दिसलं तर पहिला आकडा सर्वात लहान मापाचा आणि कंसातले त्यापुढच्या मापांचे. आपलं माप ठरवून प्रत्येक कंसातला आपला आकडा पेन्सिलीने गोल करून ठेवा.

आता प्रत्यक्ष ओळ वाचू. तिसरा फेरा मराठीत मांडला तर असा: ‘सीएच ३ (पहिला डीसी धरावा), पुढच्या टाक्यात २ डीसी, * पुढच्या टाक्यात १ डीसी, त्यापुढच्यात २ डीसी; * पासून फेराभर, पहिल्या सीएच ३ च्या टोकाला एसएल एसटीने जोडा. (३६)’. ताऱ्यापासून अर्धविरामापर्यंतचा तुकडा फेरा संपेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचा. शेवटच्या कंसातला ३६ म्हणजे फेरा संपल्यावरची टाक्यांची संख्या, आणि अख्ख्या पॅटर्नमध्ये तुमचा खरा आधार तोच. दर फेऱ्याला मोजा. या टोपीत तो आकडा १२, २४, ३६, ४८, ६० असा चढतो. चौथ्या फेऱ्यात दोन साधे टाके आणि एक वाढ, पाचव्यात तीन साधे आणि एक वाढ. सहाव्यापासून वाढ बंद. ९ ओळींना १० सेंटिमीटर या हिशोबाने एकूण १३ फेऱ्यांत उंची साधारण साडेचौदा सेंटिमीटर होते.

दर फेऱ्याला बाराच का वाढवायचे? खांबाचा एक फेरा सव्वा सेंटिमीटरहून थोडा कमी उंच असतो, म्हणजे वर्तुळाची त्रिज्या तेवढी वाढते आणि परीघ त्याच्या सव्वासहापट, सुमारे ७ सेंटिमीटर. तेवढ्यात या गेजने ११-१२ टाके मावतात. मुका खांब उंचीला जवळपास निम्मा, म्हणून त्याच्या टोपीत सहा-सहाच वाढतात. हे लक्षात राहिलं की चूक बघूनच ओळखता येते. चकतीला झालर पडू लागली तर टाके जास्त झाले. पाचवा फेरा व्हायच्या आधीच वाटीसारखी वळली तर कमी पडले.

संख्या चुकते ती बहुधा जोडापाशी. सीएच ३ हा टाका धरलेला असताना त्याच्या बुडाशी आणखी एक खांब घातला की न सांगितलेली वाढ होते. दुसऱ्या फेऱ्यात मात्र तो मुद्दाम घालायचा असतो, तेव्हा ओळ नीट वाचा. स्लिप स्टिचला टाका समजून त्यात विणलं तरी एक वाढतो. उलट, जोडाशेजारचा शेवटचा टाका ओढून चपटा झालेला असतो आणि नजरेतून सुटतो, मग एक कमी. पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवली की दोन्ही टळतं. काही पॅटर्न सीएच २ ने सुरू होतात आणि ती साखळी टाका धरत नाहीत. तसं सुरुवातीच्या सूचनांत लिहिलेलं असतं.

मधलं भोक सरकत्या फासाने बंद केलं असेल तर लोकरीचं टोक निदान १५ सेंटिमीटर ठेवा आणि आधी एका दिशेने, मग उलट दिशेने ओवा. नुसत्या गाठीवर भरवसा ठेवला तर धुताना भोक उघडतं. पॅटर्नमध्ये बटण, मणी किंवा हनुवटीखाली बांधायची नाडी असेल तर बाळासाठी ती सरळ गाळा. बटण तोंडात जाऊ शकतं, नाडी गळ्याला आवळू शकते. घरात झोपवताना टोपी काढून ठेवायची. बाळाची बरीचशी उष्णता डोक्यातून बाहेर पडते, ती अडली तर अंग फार तापतं.