बॅटलटेक: फासे टाकण्याआधीचा हिशेब

नेम हुकला की नवा खेळाडू फाशांना बोल लावतो. बॅटलटेक या यंत्रमानवांच्या लढाईच्या पटावरच्या खेळात मात्र मारा लागणार की नाही, ते बरंचसं हालचालीच्या टप्प्यातच ठरून गेलेलं असतं. (हा खेळ १९८४ मध्ये आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचं नाव ‘फासा’ होतं, हा निव्वळ योगायोग.)

उदाहरणाला दोन मेक (चालकाने आत बसून चालवायचे प्रचंड लढाऊ यंत्रमानव) घेऊ: ग्रिफिन जीआरएफ-१एन आणि वुल्व्हरिन डब्ल्यूव्हीआर-६आर. दोन्ही ५५ टनी. एका फेरीतले हालचालीचे गुण: चाल ५, धाव ८, उडी ५. फरक शस्त्रांत आहे. ग्रिफिनकडे पीपीसी (ऊर्जाकणांची तोफ) आणि एलआरएम-१० (लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं). वुल्व्हरिनकडे एसी/५ (स्वयंचलित तोफ), एसआरएम-६ (कमी पल्ल्याची क्षेपणास्त्रं) आणि मीडियम लेसर. एसआरएम आणि लेसर ९ हेक्सपलीकडे (हेक्स म्हणजे पटावरचं षटकोनी घर) पोचतच नाहीत. म्हणून ग्रिफिनने १० ते १२ हेक्सवर राहावं. तिथे त्याची दोन्ही शस्त्रं मध्यम पल्ल्यात असतात, समोरच्याची फक्त एसी/५.

आता बेरीज. गनरी, म्हणजे चालकाचं नेमबाजीचं कौशल्य, ४ धरा. स्वतः चाललात तर +१, धावलात +२, उडी मारलीत +३. लक्ष्य ३-४ हेक्स हललं असेल तर +१, ५-६ ला +२, ७ ते ९ ला +३, आणि उडी मारून आलं असेल तर वर आणखी +१. वाटेतल्या किंवा लक्ष्याच्या हेक्समधल्या विरळ झाडीचे +१, दाट झाडीचे +२. मध्यम पल्ल्याचे +२, लांबचे +४. जी बेरीज येईल तेवढे किंवा जास्त दोन फाशांवर पडायला हवेत. ७ हवे असतील तर शक्यता ५८ टक्के, ९ ला २८, ११ ला जेमतेम ८. एकेक आकडा किती महाग पडतो बघा.

इथेच हमखास चूक होते. लक्ष्याच्या हालचालीत हेक्स मोजायचे, खर्च झालेले गुण नव्हे. एका बाजूने वळायला १ गुण जातो, विरळ झाडीत शिरायला २. म्हणजे पाच गुणांची चाल एकदा वळलात की चारच हेक्सची उरते, आणि तुमचं संरक्षण +२ वरून +१ वर येतं. धावून जेमतेम चार हेक्स जाणं हा तर शुद्ध तोटा: आपल्या नेमाला +२ चा दंड, समोरच्याला फक्त +१. मैदान मोकळं असेल तर सरळ पाच हेक्स चालावं, नाहीतर सात-आठ धावावं. प्रत्येक मेकशेजारी हललेल्या हेक्समुळे मिळणारा +१, +२ असा आकडा दाखवणारा फासा ठेवा: चाललेल्याला पांढरा, धावलेल्याला काळा, उडी मारलेल्याला लाल. नंतरचे वाद वाचतात.

उष्णतेचं गणित सोपं, पण विसरलं जातं. पीपीसी १०, एलआरएम-१० चे ४, धावण्याचे २, एकूण १६. ग्रिफिनचे हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारे भाग) १२, म्हणजे उरले ४. पहिल्या फेरीत काहीच जाणवत नाही. दुसऱ्या फेरीतही तेच केलंत तर उष्णतेची पट्टी ८ वर जाते: चालीतला एक गुण गेला आणि नेमाला +१. तिसऱ्या फेरीत धावत फक्त एलआरएम डागा, पट्टी २ वर उतरते. पाच हेक्सची उडी ५ उष्णता खाते. दोन्ही शस्त्रांसोबत मारली तर एकाच फेरीत ७.

आणि वुल्व्हरिन अंगावर आलाच तर? एका हेक्सवर पीपीसीला किमान पल्ल्याचे, म्हणजे लक्ष्य फार जवळ असल्याचे, +३, एलआरएमला +६. अशा वेळी लाथ बरी. पायलटिंग, म्हणजे मेक सांभाळण्याचं कौशल्य, ५ धरून त्यातून २ वजा, वर हालचालीचे आकडे. नुकसान ११, पीपीसीपेक्षा एक जास्त, आणि उष्णता शून्य. लागली तर समोरच्याला तोल सावरण्याचे फासे टाकावे लागतात. हुकली तर ते तुम्हाला टाकावे लागतात.