हृदयाचा सीटी काढताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते: कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या नसांत साठलेल्या कॅल्शियमचा सीटीत मोजलेला आकडा) शून्य आला म्हणजे हृदयाच्या नसा स्वच्छ, असं धरून चालणं.

या तपासणीत डाय, म्हणजे नसा उठून दिसाव्यात म्हणून शिरेत टोचतात ते औषध, देत नाहीत. १३० हाउन्सफील्ड युनिट (सीटीत दाटपणा मोजायचं माप) किंवा त्याहून दाट दिसणारं कॅल्शियम तेवढं मोजतात. हृदयरोगतज्ज्ञ आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत आजही तीच आहे. नसेच्या भिंतीत साठणारा चरबीचा मऊ थर, म्हणजे मऊ प्लाक, त्यात दिसतच नाही, आणि प्लाक आधी मऊच असतो. कॅल्शियम मागाहून जमतं. काही त्रास नसलेल्या साठीच्या माणसाला शून्य खरोखर दिलासा देतो. पण पस्तिशीतला, सिगारेट ओढणारा, वडिलांना तरुणपणी अटॅक आलेला माणूस त्याच शून्यावर निर्धास्त झाला, की मला धास्ती वाटते. हा आजार आपल्याकडे तसाही लवकर गाठतो. चालताना छाती भरून येत असेल तर स्कोअरवर थांबू नका, डाय देऊन सीटी अँजिओ (नसा आतून किती अरुंद झाल्या ते दाखवणारा सीटी) करावी का हे डॉक्टरांना विचारा. आणि छातीत आत्ता दुखत असेल, घाम फुटला असेल, तर सीटीची अपॉइंटमेंट घेत बसू नका. थेट इमर्जन्सीत जा, आधी ईसीजी.

याच्या उलट चूक स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेणाऱ्यांची. दोन वर्षांनी हौसेनं स्कोअर पुन्हा काढतात, तो वाढलेला दिसतो आणि "गोळीचा उपयोग नाही" म्हणून गोळी बंद! स्टॅटिनमुळे प्लाक घट्ट होतो, तो फुटण्याची भीती कमी होते. पण दाट कॅल्शियमला या पद्धतीत जास्त गुण मिळतात, म्हणून आकडा चढू शकतो.

सीटी अँजिओचा रिपोर्ट आला की घरात सगळे नस किती टक्के अरुंद झाली तेवढंच वाचतात. "तीसच टक्के आहे, काही नाही." असं नसतं. नस फारशी अरुंद न करणारा प्लाकही फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि अटॅक येतो. स्कॉटलंडच्या स्कॉट-हार्ट अभ्यासात ४,१४६ जण होते. ज्यांची नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी अँजिओ झाली, त्यांच्यात पाच वर्षांत हृदयविकाराचा मृत्यू किंवा अटॅक २.३ टक्क्यांना, इतरांत ३.९ टक्क्यांना. स्टेंट आणि बायपासचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. सीटी झालेल्यांत प्रतिबंधक औषधं मात्र जास्त जणांना सुरू झाली. म्हणून रिपोर्टमध्ये प्लाक किती आणि कसा आहे, हे लिहिलंय का ते बघा. नस किती अरुंद आहे त्याची पायरी सांगणाऱ्या कॅड-रॅड्स आकड्यापुढे २०२२ पासून पी१ (कमी) ते पी४ (खूप जास्त) अशी प्लाकच्या प्रमाणाची नोंद करता येते.

फोटो धूसर येण्याचं कारण बहुतेक वेळा तयारीत असतं. नाडी मिनिटाला साठ ठोक्यांच्या आसपास लागते. त्या सकाळी चहा-कॉफी नको, गरज पडली तर नाडी मंदावणारी गोळी देतात. श्वास रोखण्याचा सराव आधी करून घ्या. नसा रुंद व्हाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात, त्यामुळे सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतली असेल तर संकोच न करता सांगा. दोन्ही मिळून बीपी धोकादायक खाली जातं. दमा, डायची अ‍ॅलर्जी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) हेही सांगायचंच.

कॅल्शियम खूप असलं की ते सीटीत फुगून दिसतं आणि ब्लॉकेज आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. बारीक स्टेंटच्या आतलंही नीट वाचता येत नाही. अशा रिपोर्टवर सत्तर टक्के लिहिलं असेल, तर पुढचं ठरवण्याआधी "हा भाग किती खात्रीनं वाचता आला?" एवढं डॉक्टरांना नक्की विचारा.