लहान विमानाने डोंगररांग ओलांडायची तर: खिंड, वारा आणि परत फिरायची जागा

निघायचं ठिकाण आणि पोहोचायचं ठिकाण यांच्यात सरळ रेघ मारून आखणी सुरू केली की पहिली चूक तिथेच होते. सपाट मुलखात ती रेघ चालते. डोंगरात मात्र चार आसनांच्या, टर्बो नसलेल्या विमानाचा मार्ग खिंड ठरवते. आधी पल्ल्यात येईल अशी सर्वांत बुटकी खिंड शोधा, मग तिच्याकडे चढत जाणारं खोरं बघा. खोऱ्यातून रस्ता जात असेल तर फारच छान: इंजिन बंद पडलं तर उतरायला थोडीफार जागा त्याच्याच आसपास मिळते आणि शोधायला निघालेल्यांनाही तिथवर येता येतं. अंतर पंचवीस मैलांनी वाढलं तरी वेळ पंधरा मिनिटंच वाढतो.

चार्टच्या (वैमानिकांच्या नकाशाच्या) प्रत्येक चौकोनात छापलेला मोठा आकडा (हजार आणि शेकडा फुटांत) त्या चौकोनातल्या सर्वांत उंच जमिनीचा किंवा अडथळ्याचा असतो. ती उड्डाणाची सुरक्षित उंची नव्हे. तिच्यावर तुमची राखीव उंची वेगळी धरायची. खिंड ओलांडताना वारा हलका असला तरी किमान १,००० फूट आणि कड्यावर वारा २० नॉटच्या (ताशी नॉटिकल मैलांच्या) पुढे असेल तर २,००० फूट राखीव ठेवा. आता हिशोब करा. खिंड ११,००० फुटांवर असेल तर तुम्हाला १३,००० फूट लागले. सेस्ना १७२एस या चार आसनी विमानाची सर्व्हिस सीलिंग (चढाईची व्यावहारिक मर्यादा) १४,००० फूट आहे आणि त्या उंचीवर पूर्ण वजनाचं विमान मिनिटाला जेमतेम १०० फूट चढतं, तेही प्रमाण हवामानात. म्हणजे ही खिंड कागदावर जमते, उन्हाळ्याच्या दुपारी जमत नाही.

त्याचं कारण डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची. प्रमाण तापमान समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस धरतात आणि दर १,००० फुटांना ते २ अंशांनी उतरतं. त्याहून प्रत्येक जादा अंशाला १२० फूट मिळवायचे. धावपट्टी ६,००० फुटांवर असेल तर प्रमाण तापमान ३ अंश येतं. बाहेर २८ अंश असतील तर फरक २५ अंशांचा, म्हणजे ३,००० फुटांची भर. विमानाच्या लेखी धावपट्टी ९,००० फुटांवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० फुटांना सुमारे ३ टक्के घटते, त्यामुळे पाव हिस्सा ताकद जमिनीवरच गेलेली असते. टेकऑफचं अंतर आणि चढण्याचा दर विमानाच्या पुस्तकातल्या तक्त्यातून याच आकड्याने काढा, आणि तक्ता नव्या विमानाचा असतो हे धरून अंतरात निम्म्याने भर घाला.

चढण्याचा दर मिनिटाला किती, यापेक्षा मैलाला किती हे डोंगरात जास्त महत्त्वाचं. समजा वर गेल्यावर विमान मिनिटाला ३०० फूट चढतंय आणि ग्राउंडस्पीड (जमिनीच्या मानाने वेग) ९० नॉट आहे. मिनिटाला दीड नॉटिकल मैल, म्हणजे मैलाला २०० फूट. खोऱ्याचा तळ शेवटच्या १० मैलांत ३,००० फूट वर येत असेल तर तो मैलाला ३०० फूट चढतोय, तुमच्यापेक्षा वेगाने. तळापासून २,००० फूट वर असताना आत शिरलात तर खिंडीपाशी १,००० उरतील. पाठीमागून १५ नॉटचा वारा असेल तर तुमचा आकडा मैलाला १७० वर येतो आणि खिंडीपाशी ७००च उरतात. बाहेर बघताना हे कळत नाही, कारण खोऱ्याचा चढता तळच डोळ्याला सपाट वाटतो आणि नाक आपोआप वर जातं. उपाय सोपा आहे: लागणारी सगळी उंची खोऱ्याच्या तोंडाशीच, बाहेर घिरट्या घालत मिळवा आणि मगच आत जा.

प्रत्येक खोऱ्यासाठी परत फिरण्याचा बिंदू नकाशावर आधीच खूण करून ठेवा आणि शेजारी लिहा: या जागी एवढी उंची नसेल तर मागे. वळायला किती जागा लागते तेही माहीत हवं. खरा वेग (हवेच्या मानाने) १०५ नॉट असताना विमान ३० अंश बाजूला कलवून पूर्ण वळायला सुमारे ३,४०० फूट रुंदी लागते. ४५ अंशांनी २,००० फुटांच्या आत काम होतं, पण स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) १९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून खोऱ्याच्या मधोमध उडू नका. मधोमध असलात तर कुठल्याही बाजूला वळायला निम्मीच रुंदी मिळते. ज्या उतारावर वारा आपटतो त्या बाजूला राहा. तिथे हवा वर चढत असते आणि वळायची वेळ आली तर वळण वाऱ्याकडे होतं, त्यामुळे जागाही कमी लागते.

कड्याकडे ४५ अंशांच्या कोनातून या. बेत फसला तर ४५ अंश वळलं की विमान कड्याला समांतर होतं, ९० अंश वळलं की पाठ फिरलेली असते. समोरून काटकोनात आलात तर पूर्ण अर्धवर्तुळ मारावं लागतं, तेही खाली ओढणाऱ्या हवेत. पलीकडची जमीन कड्यामागून हळूहळू जास्त दिसू लागली तर तुम्ही वरून जाताय. झाकली जाऊ लागली तर नाही. कडा ओलांडला की मात्र सरळ काटकोनात दूर व्हा.

वाऱ्याच्या बाबतीत हात आखडता ठेवलेलाच बरा. कड्याच्या उंचीवर २५ नॉटपेक्षा जास्त वाऱ्याचा अंदाज असेल तर त्या दिवशी लहान विमान काढू नये. अंदाज ९,००० आणि १२,००० फुटांचा असेल तर मधल्या उंचीचा आकडा त्यावरून काढा, आणि खिंडीत वारा दाटून आणखी जोरात येतो हे लक्षात ठेवा. वाऱ्याआडच्या बाजूला भिंगासारखे, जागचे न हलणारे ढग दिसले तर तिथे माउंटन वेव्ह, म्हणजे डोंगर ओलांडून आलेल्या हवेची लाट आहे. त्यांच्याखाली फाटक्या, गरगरणाऱ्या ढगांची रांग असेल तर तो रोटर, म्हणजे हवेचा भोवरा. आकाश कोरडं असेल तर ढग दिसणारच नाहीत, पण लाट असेल. तिथली हवा मिनिटाला १,००० फुटांहून जास्त वेगाने खाली येऊ शकते. तुमचे ३०० फूट तिच्यापुढे काहीच नाहीत. अशात सापडलात तर पूर्ण ताकद द्या, चढण्याचा योग्य वेग सांभाळा आणि सखल जमिनीकडे वळा. उंची धरून ठेवायला नाक ओढत बसलं की स्टॉल होतो. पहाटे निघून दुपारच्या आत उतरणं, एवढ्या एका नियमाने गरम हवेचे बरेचसे हिसके टळतात.

इंधनात कंजुषी नको, पण टाक्या डोळे मिटून भरूही नका. ३१० नॉटिकल मैलांचा टप्पा, खरा वेग ११५ नॉट, समोरून २० नॉट वारा: ग्राउंडस्पीड ९५, वेळ ३ तास १६ मिनिटं. ताशी ३४ लिटर धरले तर १११ लिटर, टॅक्सी आणि चढाईचे ८, राखीव एक तासाचे ३४, एकूण १५३. २०० लिटर मावतात म्हणून तेवढे भरले तर ४७ लिटर, म्हणजे सुमारे ३४ किलो वजन उगाच चढवायचं. वारा ३५ नॉट निघाला तर एकूण गरज १७५ च्या घरात जाते, तेव्हा जादा वजनाला पर्याय दोनच: सामान कमी करा किंवा मधे उतरून इंधन घ्या.

उंचावरच्या धावपट्टीवरून निघताना मिक्श्चर (हवा आणि इंधनाचं मिश्रण) पूर्ण रिच, म्हणजे जास्त इंधनाचं ठेवणं ही नेहमीची चूक. फिक्स्ड पिच प्रोपेलर (पात्यांचा कोन न बदलणारा पंखा) असेल तर ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम सर्वांत जास्त होईपर्यंत पुस्तकातल्या सूचनेप्रमाणे लीन करा, म्हणजे इंधन कमी करा. निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाचा ७० टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल बंद. उतरताना मीटरवरचा वेग नेहमीचाच ठेवा. ९,००० फूट डेन्सिटी अल्टिट्यूडला मीटरवर ६५ असताना खरा वेग ७५ च्या आसपास असतो. जमीन झपाट्याने येताना दिसते आणि हात नकळत योक (विमानाचं सुकाणू) मागे खेचतो.

थंडीत अल्टिमीटर (उंची दाखवणारा मीटर) फसवतो: हवा प्रमाणापेक्षा दर १० अंशांनी थंड असेल तर खरी उंची सुमारे ४ टक्क्यांनी कमी भरते. ऑक्सिजनचे नियम देशागणिक वेगळे आहेत, तरी १०,००० फुटांवर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहायचं असेल तर बाटली सोबत असावी. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही (रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा) घ्या, कारण डोकं मंदावलंय हे त्याच डोक्याला कळत नाही.

इमर्जन्सी बीकन (संकटाचा संदेश धाडणारं यंत्र) ४०६ मेगाहर्ट्झचा आहे का ते बघा. जुन्या १२१.५ च्या बीकनवर उपग्रह २००९ पासून लक्ष ठेवत नाहीत. पाणी, गरम कपडे, शिट्टी आणि आरसा मागच्या सामानात नको, हाताशी ठेवा. फ्लाइट प्लॅनमध्ये (उड्डाणाआधी नोंदवायच्या बेतात) सरळ रेघ लिहू नका. ज्या खोऱ्यांतून आणि खिंडीतून खरोखर जाणार ती नावं लिहा, वाटेत बेत बदलला तर रेडिओवर कळवा आणि उतरल्यावर प्लॅन बंद करा.