महापुराची धास्ती आणि चीगाँगचा सराव

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. पुढे पाणी ओसरले आणि घरांतला गाळही निघाला, परंतु सांगलीतल्या अनेकांच्या अंगात बसलेली धास्ती मात्र निघाली नाही. आजही पातळी 40 फुटांच्या इशारारेषेकडे सरकू लागली की छाती धडधडते, झोप उडते आणि ओल्या भिंतीच्या वासानेसुद्धा पोटात गोळा येतो. अशा माणसाला 'झाले गेले विसरून जा' असे सांगून काहीही साधत नाही, कारण ही आठवण शरीराने धरून ठेवलेली असते.

अशा वेळी चीगाँग ही जुनी चिनी साधना उपचारांना पूरक म्हणून करून पाहण्याजोगी आहे. 'ची' म्हणजे श्वास किंवा प्राण, आणि 'गाँग' म्हणजे सरावाने कमावलेले कसब. त्यामुळे प्राणायाम जाणणाऱ्याला ही कल्पना परकी वाटणार नाही.

सुरुवात उभे राहण्यापासून करावी. दार दिसेल अशा जागी, पावलांत खांद्यांइतके अंतर ठेवून, गुडघे किंचित सैल सोडून उभे राहावे आणि मोठी घागर कवेत धरल्यासारखे हात पोटासमोर आणावेत. या स्थितीला चीनमध्ये झाडासारखे किंवा खांबासारखे उभे राहणे म्हणतात. डोळे मात्र मिटू नयेत, कारण मिटल्या डोळ्यांसमोर नेमके तेच पाणी उभे राहण्याचा संभव असतो. नजर खिडकीच्या चौकटीवर ठेवून टाच, चवडा आणि खालची कोरडी फरशी यांचा स्पर्श जाणवू द्यावा. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटे पुरेशी आहेत.

श्वासाकडे लगेच वळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्याने गुदमरण्याची भीती अनुभवली आहे, त्याची घाबरगुंडी श्वासावर लक्ष दिल्याने वाढू शकते. पाय स्थिर वाटू लागल्यावरच, श्वास न रोखता, घेण्यापेक्षा सोडणे थोडे लांबवावे. सावकाश उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. त्यानंतर 'बादुआनजिन' या आठ हालचालींच्या संचातली पहिली हालचाल घ्यावी: श्वास घेत दोन्ही तळवे डोक्यावर न्यावेत, सोडत खाली आणावेत, असे आठ वेळा.

पाय थरथरले किंवा डोळे भरून आले तर घाबरू नये. प्रसंग जसाच्या तसा समोर दिसू लागल्यास मात्र तत्काळ थांबावे, भिंतीला हात लावावा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत. भास होण्याचा आजार असलेल्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हा सराव करू नये. अति सरावाने मन बिघडल्याच्या नोंदी चीनमध्येच झालेल्या आहेत. चालू औषधे बंद करू नयेत. जगणे नकोसे वाटत असल्यास सराव बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर लगेच बोलावे.

सांगलीतली ही भीती खोटी नाही, कारण 2005, 2019 आणि 2021 अशी तीन वेळा नदीने ती खरी करून दाखवली आहे. म्हणून सराव उन्हाळ्यातच सुरू करावा. पावसाळ्यात स्थलांतराची सूचना आली तर आधी कागदपत्रे, औषधे आणि माणसे घेऊन घर सोडावे, आणि दोन मिनिटांचे उभे राहणे निवारा केंद्रावर पोहोचल्यानंतर करावे.